अलीफजही शास्त्रातच बोलतो

बुलढाणा जिल्ह्यात ख्रिस्ती माणसे फार थोडी. खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर, खुद्द बुलढाणा अशा गावांत एखादी लहानशी मंडळी असते. आजूबाजूचा सगळा शेजार हिंदू, बौद्ध, मुसलमान. सणावाराला ताटांची देवाणघेवाण होते, लग्नकार्यात एकमेकांकडे जाणे-येणे असते, आणि ओळख जरा मुरली की एक प्रश्न हमखास येतो. बसस्टँडवर चहा पिताना येतो, बँकेच्या रांगेत येतो, दवाखान्यात पेशंटपाशी बसलेले असताना येतो. "तुमच्या बायबलात लिहेल हाय ते समदं खरं मानता काय?"

विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा कुचेष्टा नसते. त्याला खरोखर जाणून घ्यायचे असते. आणि आमच्याकडचा साधा ख्रिस्ती माणूस क्षणाचाही विलंब न लावता उत्तर देतो : हो, देवाचे वचन आहे, खरेच आहे.

या 'हो'मध्ये काय काय येते, ते मला इथे सावकाश उलगडायचे आहे. ऐकणाऱ्याला वाटते, या माणसाने आता विचार करणे सोडले, पुस्तक मिटून डोक्यावर ठेवले. दुर्दैवाने आमच्यातल्याही काहींना तसेच वाटते. माझी समजूत याच्या उलट आहे. शास्त्र खरे आहे असे जो मनापासून मानतो, त्याच्यावर ते नीट ऐकण्याची जबाबदारी येते. कोण बोलतो आहे, कुणाशी बोलतो आहे, पुढे त्याला काय उत्तर मिळाले, हे सगळे पाहावे लागते. शास्त्राचा खरेपणा हा साक्षीचा खरेपणा आहे, आणि साक्ष ऐकणे हे कष्टाचे काम असते.

आमच्या भागात ही श्रद्धा ज्यांच्या हातून रुजली त्यांच्याबद्दल आधी थोडे सांगायला हवे. अमेरिकेत ए. बी. सिम्प्सन यांनी 1887 मध्ये सुरू केलेल्या चळवळीतून ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स ही संस्था घडली. वऱ्हाडात अकोला हे तिचे जुने ठाणे, आणि तिथून ती खामगाव, बुलढाणा, मलकापूर या बाजूला पसरली. लोक तिला नुसते 'अलायन्स' म्हणतात. 1899-1900 चा दुष्काळ वऱ्हाडाने सोसला तेव्हा आईबाप गमावलेली पुष्कळ मुले मिशनच्या आश्रयाला आली. खामगावला मुलींचे अनाथगृह होते. तिथे मुली शिवण-टिपण शिकल्या, आणि बाराखडी गिरवून झाल्यावर मराठी बायबल वाचायला शिकल्या. आज मंडळीत पहिल्या बाकावर बसून ओळीखाली बोट सरकवत शास्त्रपाठ वाचणाऱ्या कितीतरी आजीबाईंच्या पणज्यांची अक्षरओळख अशीच कुठेतरी सुरू झाली असेल. ज्या पुस्तकावर वाचायला शिकलो तेच पुस्तक देवाचे, अशी त्यांची सोपी आणि खोल समजूत होती.

अलायन्सचे लेखी विश्वासमत या बाबतीत अगदी स्पष्ट आहे. जुना आणि नवा करार मुळात लिहिला गेला तेव्हा निर्दोष होता, आणि त्याचे शब्दसुद्धा देवाच्या प्रेरणेने आले, असे ते मानते. जिल्ह्यातले कॅथलिक 1955 मध्ये स्थापन झालेल्या अमरावती धर्मप्रांतात येतात. त्यांच्या चर्चने 1965 मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत हीच गोष्ट वेगळ्या तोलाने मांडली. आपल्या तारणासाठी जे सत्य देवाला शास्त्रात यावेसे वाटले ते त्यात खात्रीने आणि चुकीशिवाय आले आहे, असा त्या मांडणीचा आशय आहे. दोन्हींत फरक आहे, आणि पंडितांना त्यावर ग्रंथ लिहिता येतात. आमच्या गावी मात्र एकाच मयताला दोन्हीकडची माणसे उभी राहतात आणि एकच स्तोत्र म्हणतात.

आता साक्षीकडे वळू.

बुलढाण्याच्या काय किंवा खामगावच्या काय, कोर्टात थोडा वेळ बसून पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. चार साक्षीदारांनी एका घटनेबद्दल शब्दशः एकच सांगितले, कुठे अडखळले नाहीत, कुणाचे काही जास्त नाही की कमी नाही, की वकील उठून म्हणतो, हे साक्षीदार पढवलेले आहेत. खरे पाहणाऱ्यांच्या सांगण्यात बारीकसारीक फरक पडतातच. एकाला बैलगाडी आठवते, दुसऱ्याला गाडीवरचा माणूस. आपल्याकडची न्यायालयेही वर्षानुवर्षे हेच सांगत आली आहेत की किरकोळ तफावतीमुळे साक्ष खोटी ठरत नाही. मूळ गोष्ट ठाम आहे की नाही, ते पाहायचे.

येशूच्या रिकाम्या कबरेची हकिगत चार शुभवर्तमानांत चार प्रकारे येते. मत्तयात दोन स्त्रिया पहाटे कबरेकडे जातात आणि त्यांना एक देवदूत भेटतो. मार्कात स्त्रिया तीन आहेत, आणि आत पांढरा झगा घातलेला एक तरुण बसला आहे. लूकमध्ये स्त्रिया आणखी आहेत आणि त्यांच्यापुढे दोन पुरुष उभे राहतात. योहान एकट्या मग्दालीया मरीयेवर नजर रोखतो. ही तफावत काल कुणी शोधून काढलेली नाही. पहिल्या काही शतकांतल्या ख्रिस्ती लोकांना ती पुरती ठाऊक होती. दुसऱ्या शतकात तातियान नावाच्या माणसाने चारही हकिगती एकत्र ओवून एक सलग पुस्तक तयार केले, आणि सिरियाकडच्या मंडळ्यांत ते बराच काळ वाचलेही गेले. तरी अखेर ख्रिस्ती मंडळीने ते एकसंध पुस्तक बाजूला ठेवले आणि चार वेगळी शुभवर्तमाने, त्यांच्या फरकांसकट, जपली. मला हा निर्णय फार मोठा वाटतो. साक्षी जुळवून घेऊन गुळगुळीत करायची सोय हाताशी होती, ती त्यांनी नाकारली.

आणि चौघेही कशावर ठाम आहेत ते पाहा. आठवड्याचा पहिला दिवस, पहाटेची वेळ, धोंडा बाजूला, कबर रिकामी, आणि पहिल्या साक्षीदार बायका. त्या काळच्या यहुदी समाजात बाईच्या साक्षीला फारसे वजन नव्हते. कुणाला गोष्ट रचायचीच असती तर त्याने एखादा प्रतिष्ठित पुरुष उभा केला असता. लूक तर मोकळेपणाने सांगतो की बायकांनी येऊन हे सांगितले तेव्हा खुद्द प्रेषितांना ती बडबड वाटली. पुढे ज्यांच्या नावावर मंडळी उभी राहिली त्यांचा हा अविश्वास मंडळीच्याच पुस्तकात लिहिलेला आहे. पेत्राने कोंबडा आरवण्याआधी गुरूला तीनदा नाकारले, हेही चौघे लिहितात. अब्राहामाने जिवाच्या भीतीने बायकोला बहीण म्हणून सांगितले, नोहा द्राक्षारस पिऊन तंबूत उघडा पडला, दावीदाने उरीयाची बायको घेतली आणि उरीयाला लढाईच्या तोंडी देऊन मारवले. आपल्याच थोरांची अब्रू झाकायची नाही असे ज्या पुस्तकाने ठरवले आहे, त्याच्या बाकीच्या शब्दावरही माझा विश्वास बसतो.

पण साक्षीतल्या फरकाचे उत्तर देऊन सगळेच भागत नाही. आकडे चुकतात त्याचे काय? हा प्रश्न टाळणे मला अप्रामाणिक वाटते, म्हणून त्यातलेच एक अवघड उदाहरण घेतो.

जुन्या करारातले दुसरे शमुवेल हे पुस्तक, अध्याय 24. दावीद राजाला आपल्या लढवय्यांची मोजदाद करायची हौस येते. सेनापती यवाब नको म्हणतो, राजा ऐकत नाही. शिरगणती होते, आणि मग राजाचे मन त्याला खाते. गाद हा द्रष्टा देवाचा निरोप घेऊन येतो : तीनांतली एक शिक्षा निवड. दुष्काळ, की तीन महिने शत्रूपुढे पळ, की तीन दिवस मरी. इथे शमुवेलात दुष्काळ सात वर्षांचा आहे. हीच गोष्ट पहिल्या इतिहासाच्या एकविसाव्या अध्यायात पुन्हा येते, आणि तिथे दुष्काळ तीन वर्षांचा आहे. शिरगणतीचे आकडेही जुळत नाहीत. शमुवेलात इस्राएलचे तलवार चालवणारे आठ लाख आणि यहूदाचे पाच लाख, तर इतिहासात अकरा लाख आणि चार लाख सत्तर हजार.

शास्त्र निर्दोष मानणारे यावर काय म्हणतात? काही जण हिशेब जुळवतात : आधीच्या एका अध्यायात तीन वर्षांचा दुष्काळ येऊन गेला आहे, तो, मधला काळ आणि नवा मिळून सात. मला ही जुळवाजुळव ओढाताणीची वाटते. दुसरे उत्तर जास्त सरळ आहे. हजारो वर्षे हाताने नकला झाल्या, आणि नकलेत आकडा सर्वांत लवकर बिघडतो. शमुवेलाच्या फार जुन्या ग्रीक भाषांतरात इथे तीनच वर्षे आहेत, म्हणजे त्या भाषांतरकारांपुढच्या हिब्रू प्रतीत तीन असण्याचा संभव मोठा. अलायन्सच्या विश्वासमतात 'मुळात लिहिले गेले तेव्हा' हा उल्लेख आहे तो याच जाणिवेतून. मूळ लेख आज कुणाच्या हाती नाहीत, प्रती आहेत. म्हणून ज्यांची शास्त्राच्या खरेपणावर श्रद्धा सर्वांत कडक, त्यांनाच प्रती तपासण्याची गरज सर्वांत जास्त. यवतमाळला 1953 पासून युनियन बिब्लिकल सेमिनरी होती, 1983 मध्ये ती पुण्याला गेली. मधल्या तीस वर्षांत तिथे शिकलेल्या पाळकांनी विदर्भाच्या उन्हात बसून हिब्रू आणि ग्रीकची रूपे घोकली. पुस्तक खरे आहे हे आधीच माहीत असेल तर इतका खटाटोप कशाला, असे कुणी विचारील. पुस्तक खरे आहे म्हणूनच त्यातला शब्द नेमका कोणता, हे कळून घ्यायची तळमळ असते.

तरीही या गोष्टीत आकड्यावरच अडून बसणे मला जमत नाही. खामगावच्या त्या मुलींपुढे ही हकिगत कधीतरी वाचली गेली असेल. एका पावसाळ्याने दगा दिला की घर कसे मोडते, भाकरीच्या तुकड्यासाठी माणसे कशी बदलतात, प्रेताला खांदा द्यायला कोणी कसे उरत नाही, हे त्यांनी बालपणीच पाहिले होते. सात वर्षे की तीन वर्षे, हा त्यांच्यासाठी पोकळ प्रश्न ठरला असणार. एक वर्षच पुरेसे असते. त्यांच्या कानांना दुसरेच काही लागले असेल. राजाच्या गर्वापायी सत्तर हजार माणसे मरीने मेली, आणि हा आकडा दोन्ही पुस्तकांत सारखा आहे. आणि राजा शेवटी देवापुढे उभा राहून कबूल करतो की पाप माझे आहे, या मेंढरांनी काय केले, शिक्षा मला आणि माझ्या घराला कर. वरच्याच्या चुकीची किंमत खालचे भरतात, हे त्या मुलींना कुणी सांगायची गरज नव्हती. पण देवाचे पुस्तक ते लपवत नाही आणि राजाकडून वदवून घेते, हे त्यांना त्या दिवशी कळले असेल.

1978 मध्ये अमेरिकेतल्या शिकागो शहरात इव्हँजेलिकल विद्वानांनी शास्त्राच्या निर्दोषतेबद्दल एक घोषणापत्र काढले. आमच्याकडच्या धर्मशिक्षणात त्याचा उल्लेख वारंवार येतो. त्यात दावा कडक आहे, पण तितक्याच स्पष्टपणे हेही म्हटले आहे की आजच्यासारखी काटेकोर मोजमापे नसणे, पूर्णांकात दिलेले आकडे, डोळ्यांना दिसते तसे केलेले निसर्गाचे वर्णन, अतिशयोक्ती, आणि खोटे बोललेले जसेच्या तसे नोंदवणे, यांनी शास्त्राचा खरेपणा उणावत नाही. या यादीतली शेवटची बाब मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. तिच्याकडे येतोच.

त्याआधी लोणार. बुलढाणा जिल्ह्यात राहून शास्त्राच्या खरेपणाबद्दल लिहायचे आणि लोणारला वळसा घालायचा, हे बरे दिसत नाही. जवळपास 1.8 किलोमीटर रुंदीचे हे विवर अशनीच्या आघाताने बेसाल्टच्या खडकात पडले. खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. विवराचे वय कुणी पन्नास हजार वर्षांच्या आसपास धरतात, कुणी साडेपाच लाखांच्या पुढे. सतराव्या शतकातल्या बिशप अशरने मात्र बायबलमधल्या वंशावळी मोजून जगाची उत्पत्ती इसवी सनापूर्वी 4004 मध्ये झाली असे ठरवले होते. आमच्या मंडळ्यांत आजही काही प्रामाणिक, प्रार्थनाशील माणसे सहा दिवस म्हणजे घड्याळाचे सहा दिवस असे मानतात. त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण मी तसे मानत नाही, आणि तसे न मानणे म्हणजे श्रद्धा पातळ करणे असेही मला वाटत नाही. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला ऑगस्टीनने उत्पत्तीवर लिहिताना ख्रिस्ती लोकांना बजावले होते की आकाश, पृथ्वी, ताऱ्यांची गती यांबद्दल शास्त्राच्या नावाने चुकीचे काही बोलू नका. जाणकार परकी माणसे ते ऐकून पुनरुत्थानाबद्दलही तुमच्यावर विश्वास ठेवणार नाहीत. सोळाव्या शतकात कॅल्विनने लिहिले की मोशे सामान्य माणसाला दिसते तसे बोलतो. ज्याला खगोलशास्त्र शिकायचे आहे त्याने दुसरीकडे जावे. कडवे शास्त्रनिष्ठ म्हणून ज्यांचे नाव घेतात त्यांचे हे म्हणणे आहे. उत्पत्तीचा पहिला अध्याय साक्ष देतो ती जग कुणाचे आहे याची. सूर्य आणि चंद्र हे देव नाहीत, केलेले दिवे आहेत, आणि माणूस, मग तो कुणीही असो, देवाच्या प्रतिरूपात आहे. लोणारच्या काठावर उभे राहून हे म्हणताना मला काहीही गिळावे लागत नाही.

शास्त्र खरे मानणे म्हणजे चौकशीला घाबरणे नव्हे, याचा सर्वांत मोठा मराठी दाखला पंडिता रमाबाई. वऱ्हाडातल्या अलायन्सशी त्यांचे जवळचे नाते होते. अकोल्याला काम केलेल्या जेनी फुलर यांचे हिंदुस्थानातल्या स्त्रियांच्या दुःखांवरचे इंग्रजी पुस्तक 1900 मध्ये निघाले, त्याची प्रस्तावना रमाबाईंची आहे.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृताचे मोठे पंडित. सारे कुटुंब पुराणे सांगत देशभर तीर्थयात्रा करीत फिरले. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात शास्त्राने सांगितलेले सर्व त्यांनी केले, असे रमाबाईंनी स्वतः लिहिले आहे : दानधर्म, उपासतापास, जपजाप्य. आधी वडील, मग आई, मग बहीण अन्नावाचून गेले. रमाबाई आणि त्यांचे भाऊ श्रीनिवास पायी भटकत 1878 मध्ये कलकत्त्याला पोचले. इतके गमावलेली बाई पुन्हा कोणत्याही ग्रंथावर डोळे मिटून विश्वास ठेवणे शक्य नव्हते. पुढे सिल्चरला त्यांच्या हाती लूकचे शुभवर्तमान आले. 1883 च्या सप्टेंबरात इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आणि बाप्तिस्म्यानंतरच खरी झुंज लागली. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन त्यांच्या धर्ममाता. चर्चने शतकानुशतके ठरवलेले मतांगीकार रमाबाईंनी मुकाट्याने मान्य करावेत, अशी त्यांची अपेक्षा होती. रमाबाई 1885 च्या पत्रांतून विचारत राहिल्या : हे बायबलात कुठे आहे? त्रैक्याबद्दल, ख्रिस्ताच्या स्वरूपाबद्दल, चर्चच्या अधिकाराबद्दल. एका पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने फेकून आले आहे, दुसरे मानेवर घेणार नाही, असा त्यांच्या उत्तराचा आशय आहे. सिस्टर जेराल्डीनना हा अहंकार वाटला. ती पत्रे आज छापील मिळतात, आणि वाचताना दोन्ही बायांबद्दल जीव तुटतो; दोघीही मनापासून लिहीत होत्या. पण शास्त्रावर जास्त विश्वास कुणाचा होता असे कुणी विचारले तर मी रमाबाईंकडे बोट दाखवीन. त्यांना ते इतके खरे वाटत होते की त्याच्या आणि आपल्यामध्ये कुणी उभे राहिलेले त्यांना चालेना.

पुढे आपल्या आत्मनिवेदनात त्यांनी एक विलक्षण कबुली दिली. बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षे मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असे त्या सांगतात. शास्त्रातली मते पटणे आणि शास्त्र ज्याची साक्ष देते तो भेटणे, यांतले अंतर त्यांनी स्वतःच्या आयुष्यात मोजले होते. ते अंतर सरल्यावर तरी त्यांनी पुस्तक मिटले का? उलट केडगावच्या आपल्या मुक्ती मिशनमध्ये त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि सुमारे अठरा वर्षे खपून सबंध बायबल खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईला कळेल अशा मराठीत आणले. छापखाना मुक्तीतल्या बायकाच चालवत. 1921 मध्ये मुलगी मनोरमा गेली, 1922 च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या, आणि 1924 मध्ये ते बायबल छापून पुरे झाले. प्रेषितांच्या कृत्यांच्या पुस्तकात बिरुयातल्या लोकांची थोरवी गायली आहे. पौलासारखा माणूस सांगतो म्हणून त्यांनी मान डोलावली नाही. हे असेच आहे की काय, म्हणून ते रोज शास्त्र तपासत. रमाबाई त्या गावच्या वाटतात.

आता ती राहिलेली बाब : शास्त्र खोटे बोलणेही खरेपणाने नोंदवते.

पश्चिम विदर्भातल्या ज्या जिल्ह्यांची नावे शेतकरी आत्महत्यांमुळे पुनःपुन्हा छापून येतात त्यांत बुलढाणा आहे. सोयाबीन गेले, कापूस गेला, सावकार दारात, आणि एका सकाळी घरातला कर्ता माणूस उठत नाही. मग गाव बसायला येते. बसायला आलेल्यांत कुणीतरी एक असतो, कोणत्याही धर्माचा असतो, जो हलक्या आवाजात म्हणतो की देव उगाच कुणाला असे करत नाही, काहीतरी असेल. ख्रिस्ती माणूस असेल तर तो बायबल उघडून वचनही दाखवू शकतो. ईयोब, अध्याय चौथा. निरपराध माणूस कधी नाश पावला आहे काय, अशा अर्थाचे तिथे लिहिलेले आहे, अध्याय आणि ओवीसकट. शास्त्र खरे, शास्त्रात हे आहे, म्हणून हे खरे. तर्कात वरवर खोट दिसत नाही.

हे शब्द अलीफज तेमानीचे आहेत. ईयोबाची गुरेढोरे गेली, दहा लेकरे एका दिवसात गेली, अंग फोडांनी भरले, आणि तो राखेत बसला तेव्हा अलीफज, बिल्दद आणि सोफर असे तीन मित्र लांबून त्याच्याकडे आले. त्यांच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी : सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले. तेवढे त्यांनी बरोबर केले. मग तोंड उघडले, आणि अध्यायांमागून अध्याय ते सांगत राहिले की देव न्यायी आहे, तेव्हा चूक तुझीच असली पाहिजे. त्यांची वाक्ये ऐटदार आहेत, धार्मिक आहेत, सुटी घेतली तर बरीचशी खरीही आहेत. अलीफजाचे एक वाक्य पौलाने करिंथकरांना लिहिताना शास्त्र म्हणूनच पुढे केले आहे. पौलाच्या पत्रात, शहाणपणाचा गर्व करणाऱ्यांना उद्देशून ते खरे ठरते. लेकरे पुरून आलेल्या माणसाच्या तोंडावर, त्याला गुन्हेगार ठरवायला वापरले की त्याच अलीफजाचे बोलणे खोटे होते. येशूची परीक्षा घेताना सैतानही त्याच्यापुढे स्तोत्रच म्हणतो, एक्क्याण्णवावे. येशू त्याला शास्त्रातूनच उत्तर देतो.

म्हणून 'समदं खरं काय' या प्रश्नाला 'हो' म्हणणाऱ्याने सबंध साक्ष ऐकायची असते, शेवटच्या शब्दापर्यंत. दुःखी घरी जाताना त्याने अलीफजाचे वचन घेऊन जाऊ नये. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र न्यावे, ज्यात एक माणूस देवाला रात्रंदिवस हाका मारतो आणि शेवटपर्यंत अंधारातच राहतो, आशेची एकही ओळ मागून जोडलेली नाही. तेही देवाच्या पुस्तकात आहे, आणि ते तिथे ठेवणाऱ्यांनी ते काढले नाही. ईयोबही असाच बोलला. जन्मदिवसाला शाप दिला, देवाला कोर्टात खेचायची भाषा केली, मित्रांना कानकोंडे करील इतके स्पष्ट विचारले. बेचाळिसाव्या अध्यायात देव निवाडा देतो, आणि तो अलीफजाचेच नाव घेऊन देतो : माझ्याविषयी योग्य ते तुम्ही बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला. मग त्या तिघांना सात गोऱ्हे आणि सात मेंढे घेऊन ईयोबाकडेच जावे लागले, आणि त्यांच्यासाठी प्रार्थना ईयोबाने केली.